कावीळ उतरते, पण कोणामुळे?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कारण आणि कार्य यांच्या संबंधाबद्दल बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी कळवले की विषय समजला, पण जरा हवेतच राहिला. एखादे घरातले उदाहरण घ्या. म्हणून आज आपण एक आजार घेणार आहोत. तीव्र हिपॅटायटिस बी, म्हणजे बी विषाणूची नव्याने लागण होऊन येणारी कावीळ. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे, औषधांचे नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. उपचार तुमच्या डॉक्टरांना विचारायचे. आपण इथे एकच गोष्ट तपासणार आहोत. 'अमुक केले म्हणून तो बरा झाला' असे आपण सहज म्हणतो. त्यातला 'म्हणून' कशाच्या जोरावर उभा असतो?

सुरुवात आमच्या घरापासून करू. १९६९ साल. आमचा धाकटा भाऊ तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होता. ऐन परीक्षेआधी त्याची अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद होऊ लागली आणि एके सकाळी आईने त्याचे डोळे उजेडात धरून पाहिले, तर पिवळे. आजीने लगेच निकाल दिला, 'कावीळ आहे, माळ घालायला हवी.' शेजारच्या गावात माळ देणारे एक गृहस्थ होते. अनशापोटी जायचे, ते डोक्यावर मुळ्यांच्या तुकड्यांची एक लहानशी माळ ठेवायचे. घरी तेल, तूप, हळद बंद. रोज थोडी थोडी माळ लांबत गेली. डोक्यावरून गळ्यात आली, गळ्यातून छातीवर, मग पोटापर्यंत. तीन आठवड्यांत माळही उतरली आणि कावीळही. आजीने नारळ नेऊन दिला. पुढची वीस वर्षे आमच्या घरात ही गोष्ट सांगितली जात होती, आणि सांगणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता बघा, यातली प्रत्येक घटना खरी आहे. कावीळ झाली होती. माळ घातली होती. माळ लांबली. कावीळ गेली. कोणीही खोटे बोललेले नाही. आपल्याला तपासायचा आहे तो फक्त त्यांना जोडणारा 'म्हणून'.

शरीरात काय चालते

कावीळ हे एका रोगाचे नाव नाही, ते लक्षण आहे. यकृताचे काम बिघडले की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य रक्तात साठते आणि डोळे पिवळे दिसतात. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. बीचा मार्ग वेगळा. तो रक्तातून आणि शरीरातल्या इतर द्रवांतून येतो. एकदा वापरलेली सुई, न तपासलेले रक्त, असुरक्षित शरीरसंबंध, दुसऱ्याचा वस्तरा, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने किंवा हात हातात घेतल्याने तो पसरत नाही. आमच्या भावाला यातला कोणता विषाणू झाला होता हे आज कोणालाच सांगता येणार नाही, कारण तेव्हा आमच्या तालुक्याला तशी तपासणीच नव्हती.

बीचा विषाणू शरीरात शिरल्यावर एक ते सहा महिने काहीच कळत नाही. मग थकवा येतो, मळमळ होते, बारीक ताप असतो, कधी सांधे दुखतात. काहींचे डोळे पिवळे होतात. अनेकांचे होतही नाहीत, आणि आपल्याला काही होऊन गेले हे त्यांना कधी समजतही नाही.

यात एक गंमत आहे, बरं का. हा विषाणू यकृताच्या पेशींना सहसा स्वतः मारत नाही. तो पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि शांत बसतो. नुकसान होते ते आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे. तिला परका ओळखू येतो आणि लागण झालेल्या पेशींवर ती तुटून पडते. त्या धुमश्चक्रीत यकृताला सूज येते, एसजीपीटी हजारांवर जाते, डोळे पिवळे होतात. म्हणजे पुष्कळदा कावीळ दिसते तेव्हा शरीराचा लढा रंगात आलेला असतो आणि विषाणू मागे हटू लागलेला असतो.

नवजात बाळाची गोष्ट नेमकी उलटी. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर बाळाची प्रतिकारशक्ती त्या विषाणूला परका मानतच नाही. लढा नाही, म्हणून सूज नाही, कावीळही नाही. बाळ छान दिसते. पण अशा शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो, आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी त्यातल्या काहींना लिव्हर सिऱ्हॉसिस किंवा यकृताचा कर्करोग होतो. याउलट धडधाकट प्रौढ माणसाला नव्याने लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव किंवा त्याहून अधिक जण सहा महिन्यांच्या आत विषाणूला आपोआप हुसकावून लावतात. सहा महिन्यांनंतरही विषाणू रक्तात सापडत राहिला, तर आजार दीर्घकालीन झाला असे मानतात. आणि ज्यांना तीव्र आजार होतो त्यांच्यातल्या शंभरात साधारण एकाचे यकृत अचानक निकामी होते.

पंच्याण्णव आणि एक, हे दोन आकडे लक्षात ठेवा. आजचे सगळे बोलणे त्यांच्यावरच उभे आहे.

कुंभाराचे गाढव

समजा, एखाद्या गावात कोणी गृहस्थ काविळीवर नुसते विहिरीचे पाणी मंत्रून देतात. त्यांच्याकडे बी विषाणूची नवी लागण झालेले शंभर प्रौढ रुग्ण आले. पंच्याण्णव पूर्ण बरे होणार. उरलेल्या पाचांपैकी चौघांच्या शरीरात विषाणू राहिला, तरी त्यांचीही कावीळ बहुधा ओसरते आणि त्यांनाही बरे वाटते. तेही नारळ घेऊन येणार. राहिला एक. त्याचे घरचे लोक परत येत नाहीत, आणि आले तरी त्यांना सांगितले जाते, 'उशिरा आणलंत.' म्हणजे त्या गृहस्थांना स्वतःच्या डोळ्यांनी शंभरापैकी नव्याण्णव जण बरे झालेले दिसतात. ते लबाड असायची गरजच नाही. ते मनापासून विश्वास ठेवतात, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही ठेवला असता.

आपल्या भाषेत याला फार सुंदर म्हण आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. संस्कृतात काकतालीय न्याय. न्यायशास्त्र याच्याही पुढे जाते. तिथे म्हणतात की कार्याच्या आधी नुसते हजर असणे पुरेसे नाही. घडा तयार होण्याआधी माती लागते, चाक लागते, कुंभार लागतो. पण ज्या गाढवावरून माती आणली ते गाढवही घड्याच्या आधी हजर असतेच की. म्हणून गाढव हे घड्याचे कारण होते का? नाही. माती हातगाडीवरून आणली असती तरी घडा झालाच असता. अशा गोष्टीला नैयायिक 'अन्यथासिद्ध' म्हणतात. म्हणजे जिच्याशिवायही कार्य सिद्ध होते ती. आजीची माळ ही त्या कुंभाराच्या गाढवासारखी होती.

मग ती लांबत कशी गेली? पुनर्नवेसारख्या वनस्पतीच्या ओल्या मुळ्यांचे तुकडे सरकगाठींनी ओवलेले असतात. तुकडे वाळून बारीक होतात, गाठी सैल होतात, दोरा सुटत जातो आणि माळ वाढते. ती खुंटीवर टांगली तरी वाढते. काही ठिकाणी माळेऐवजी रुग्णाचे हात चुन्याच्या निवळीत धुतात आणि पाणी पिवळे झाले की 'कावीळ उतरली' म्हणतात. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी एकदा वर्गात ते करून दाखवले. आंब्याच्या सालीचा रस स्वतःच्या हातांना लावला, चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळेधमक. मग म्हणाले, 'मला कावीळ नाही. मग हे काय उतरलं?' त्या वयात आम्हाला ती जादू वाटली. त्यांनी प्रत्यक्षात काय केले होते, हे कळायला तर्कशास्त्र शिकावे लागले. नैयायिक ज्याला व्यतिरेक म्हणतात तो त्यांनी करून दाखवला होता.

नसते तर काय झाले असते

अन्वय म्हणजे जिथे कारण, तिथे कार्य. व्यतिरेक म्हणजे जिथे कारण नाही, तिथे कार्यही नाही. दोन्ही लागतात. आपण बहुतेक वेळा अन्वयावर थांबतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. व्यतिरेक मुद्दाम शोधावा लागतो.

गंमत अशी की या आजाराची पहिली ओळखच व्यतिरेकातून झाली. १८८३ साली जर्मनीत ब्रेमेन इथे गोदीतल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. ती लस माणसाच्या लसिकेपासून बनवलेली होती. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत त्यांच्यातल्या १९१ जणांना कावीळ झाली. लुरमान नावाच्या डॉक्टरांनी नोंद केली की त्याच गोदीत ज्यांना ती लस टोचलेली नव्हती ते कामगार निरोगी राहिले. हवा तीच, पाणी तेच, काम तेच, फरक एकच. विषाणू हा शब्दही तेव्हा आजच्या अर्थाने रूढ नव्हता, तरी दोष टोचण्यात आहे हे त्या तुलनेने दाखवून दिले.

१९४२ साली हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली गेली. तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळलेला होता आणि काही घाण्यांमध्ये तो दूषित होता. सुमारे ५०,००० सैनिकांना कावीळ झाली. पुढे चाळीसेक वर्षांनी डॉ. लिओनार्ड सीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या काही माजी सैनिकांना शोधून काढून त्यांचे रक्त तपासले. लस घेऊन कावीळ झालेले, लस घेऊन कावीळ न झालेले, आणि नंतरची शुद्ध लस घेतलेले, असे तीन गट त्यांनी केले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी पुढे आल्या. एक, लागण सुमारे ३,३०,००० जणांना झाली असावी, म्हणजे कावीळ दिसलेल्यांच्या कितीतरी पट. दोन, लागण झालेल्यांपैकी ज्यांच्या शरीरात विषाणू टिकून राहिला असे लोक चारशेत एक इतके थोडे होते. त्या सैनिकांना विषाणूवर कोणतेही औषध मिळालेले नव्हते, कारण ते अस्तित्वातच नव्हते. तरुण, निरोगी शरीर आपले आपण काय करू शकते, याचे इतके मोठे मोजमाप दुसरे क्वचितच असेल.

दिल्लीची गोळी आणि भुईआवळा

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे माळेला लागू आहे, पण खऱ्या औषधाचे काय? तर नियम तोच. डॉक्टरांच्या गोळीलाही तीच परीक्षा द्यावी लागते.

लॅमिव्हुडिन नावाचे औषध आहे. ते बी विषाणूच्या प्रती काढण्याच्या कामात अडथळा आणते, आणि दीर्घकालीन आजारात ते उपयोगी पडत होते. साहजिकच वाटले, की तीव्र आजारात दिले तर माणूस लवकर बरा होईल. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात डॉ. शिवकुमार सरीन यांच्या गटाने हे तपासले. तीव्र हिपॅटायटिस बीचे ७१ रुग्ण घेतले आणि जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. ३१ जणांना तीन महिने लॅमिव्हुडिन आणि ४० जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांच्या रक्तातला विषाणू सुरुवातीला अधिक वेगाने कमी झाला. औषध आपले काम करत होते. पण प्रकृती सुधारण्यात म्हणावा असा फरक पडला नाही, आणि वर्षाअखेर दोन्ही गटांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांचे रक्त विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रतिजनापासून, म्हणजे एचबीएसएजीपासून, मुक्त झाले होते.

विचार करा, तो चाळीस जणांचा गट नसता तर काय लिहिले गेले असते? 'या औषधाने नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाले.' वाक्य शब्दशः खरे ठरले असते, आणि देशभर प्रत्येक काविळीला ते औषध लिहून दिले गेले असते.

दुसरे उदाहरण आपल्या परसातल्या भुईआवळ्याचे. काविळीवर तो पिढ्यान्पिढ्या वापरात आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी तो विषाणूच्या दीर्घकालीन वाहकांना तीस दिवस दिला. त्यांच्या सहकाऱ्यांत डॉ. बरूच ब्लुमबर्ग होते. याच विषाणूचा प्रतिजन शोधून काढणारे, १९७६ सालच्या नोबेलचे मानकरी. भुईआवळा घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून तो प्रतिजन गेला; प्लासिबो घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. केवढा आनंद झाला असेल! इथे तुलना होती, फरकही मोठा होता. पण नंतर थायलंडमध्ये आणि इतरत्र प्रयोग झाले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. एकदा दिसलेला व्यतिरेक पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. नैयायिक कारणाला 'नियत' पूर्ववर्ती म्हणतात, त्यातला 'नियत' हा शब्द याचसाठी आहे. आणि लक्षात घ्या, आपली वनस्पती म्हणून कोणी ती हिणवली नाही. जी परीक्षा लॅमिव्हुडिनला, तीच भुईआवळ्याला.

तुलनेची किंमत कोणी मोजायची

तुलना हवी म्हटले की लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो तर्काचा नाही, नीतीचा आहे. तुलनेसाठी उभे कोणी राहायचे?

न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात विलोब्रूक नावाची मतिमंद मुलांची संस्था होती. तिथे १९५६ पासून डॉ. सॉल क्रुगमन यांनी मुलांना हिपॅटायटिसची जाणूनबुजून लागण करून आजाराचा अभ्यास केला. त्यातून काविळीचे दोन वेगळे प्रकार सिद्ध झाले, ज्यांना आज आपण ए आणि बी म्हणतो. बीच्या दूषित रक्तद्रवाला उकळी देऊन तो टोचला तर संरक्षण मिळू शकते, हेही तिथेच दिसले आणि लशीची वाट मोकळी झाली. क्रुगमन यांचे म्हणणे होते की त्या गर्दीच्या, अस्वच्छ संस्थेत मुलांना लागण झालीच असती, आणि पालकांची संमती घेतलेली आहे. १९६६ साली डॉ. हेन्री बीचर यांनी अनैतिक प्रयोगांची एक यादी प्रसिद्ध केली, तिच्यात हा प्रयोग होता. 'नाहीतरी झालेच असते' हा युक्तिवाद नीट पाहा. घर अस्वच्छ असेल तर ते स्वच्छ करायचे, की तिथल्या मुलांवर प्रयोग करायचा? ज्यांना 'नाही' म्हणता येत नाही, त्यांच्या शरीरातून मिळालेले ज्ञान खरे असू शकते, आणि तरीही ते त्यांच्याकडून हिसकावून घेतलेले असते.

दिल्लीच्या प्रयोगाचे तसे नव्हते. प्लासिबो घेणाऱ्यांना आजार कोणी दिलेला नव्हता, त्यांच्यावर डॉक्टरांची नजर होती, आणि शरीर स्वतःच बरे होण्याची शक्यता पंच्याण्णव टक्के होती. पण जो एक टक्का रुग्ण यकृत निकामी होण्याच्या उंबरठ्यावर असतो, त्याच्या हातात रिकामी गोळी ठेवणे कोणाच्याही मनाला पटणार नाही. शिवाय असे रुग्ण थोडे आणि विखुरलेले. म्हणून त्यांच्याबाबतचा पुरावा तुलनेने कमी आहे. आज रोग गंभीर होऊ लागला, रक्त गोठायला वेळ लागू लागला किंवा कावीळ आठवडेच्या आठवडे रेंगाळली, तर डॉक्टर एंटेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू करतात. उरलेल्यांना विश्रांती, साधा आहार आणि वेळेवर तपासणी.

'नुकसान काय?'

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्ही बरीच वर्षे टाळाटाळ केली.

१९९१ साली आमच्या महाविद्यालयात गणित शिकवणारे एक तरुण सहकारी होते. वय चौतीस. त्यांना कावीळ झाली. रक्तात बी विषाणू सापडला. डॉक्टरांनी सांगितले, 'घाबरू नका, बहुतेक जण बरे होतात. पण चार दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचंय, नक्की या.' त्यांच्या पत्नीने आम्हाला फोन केला. म्हणाल्या, 'सर, सासूबाई माळेचं म्हणतायत. काय करू?' आम्ही तेव्हा तर्कशास्त्र शिकवत होतो. काकतालीय न्याय दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. आणि आम्ही म्हणालो, 'आमच्या भावाला गुण आला होता. करून बघा, नुकसान काय आहे?'

ते गावी गेले. तिथे त्यांना सांगण्यात आले की माळ अंगावर असेपर्यंत दुसरे औषध नको, सुई नको. चौथा दिवस निघून गेला. ते दिवसा झोपू लागले, रात्री जागू लागले. घरच्यांना वाटले, अशक्तपणा आहे, झोपू दे. मग चिडू लागले, मुलीचे नाव चुकू लागले. आठव्या दिवशी रुग्णालयात आणले तेव्हा ते बेशुद्ध होते. तिसऱ्या दिवशी गेले.

आता इथे आमची स्वतःची परीक्षा आहे. 'माळेमुळे ते गेले' असे आम्ही म्हणू शकतो का? नाही. म्हटले तर तोही काकतालीय न्यायच. माळेने यकृत बिघडत नाही. वेळेवर रुग्णालयात आणले असते तर ते वाचलेच असते, असेही म्हणता येत नाही. आजची औषधे तेव्हा नव्हती आणि यकृताचे प्रत्यारोपण आपल्याकडे सुरूही झालेले नव्हते. पण एक गोष्ट आम्हाला ठामपणे म्हणता येते. चार दिवसांनी एक तपासणी व्हायची होती. त्या तपासणीत यकृताची अवस्था दिसली असती. ती झाली नाही, आणि ती न होण्याच्या कारणांत आमचा शब्द होता. तो कुंभाराच्या गाढवासारखा अन्यथासिद्ध नव्हता. त्यांच्या पत्नीने आम्हाला कधी दोष दिला नाही. आम्ही मात्र 'नुकसान काय' हे दोन शब्द त्यानंतर कोणत्याही आजाऱ्यासमोर उच्चारलेले नाहीत.

म्हणून हे सगळ्यांनी लिहून घ्या. कावीळ झालेला माणूस भलत्या वेळी झोपत असेल, बोलण्यात चुकत असेल, विनाकारण चिडत असेल, हात थरथरत असतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, पोट फुगत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठायचे. दारू पूर्ण बंद. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हळद-तेल बंद करून माणसाला उपाशी ठेवायची गरज नाही; पचेल ते खाऊ द्या.

तपासणीबद्दलही थोडे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले म्हणजे विषाणू शरीरात आहे एवढेच कळते. लागण नवी की जुनी, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी आयजीएम अँटी-एचबीसी ही तपासणी करतात. वर्षानुवर्षे गप्प असलेला जुना आजारही अचानक उसळतो आणि नव्यासारखा दिसतो. 'शंभरात पंच्याण्णव' हा हिशेब त्याला लागू नाही. म्हणून कावीळ ओसरली, बरे वाटू लागले, तरी सहा महिन्यांनी पुन्हा एचबीएसएजी तपासायचेच. घरातल्या माणसांची आणि जोडीदाराची तपासणी करायची, आणि ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्यायची.

दोन प्रश्न

वेळ संपत आली आहे. श्रोत्यांकडून आलेले दोन प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारले आहे, 'शरीर आपोआप बरे होते, तर मग लस कशाला?' ताई, आपोआप बरे होते ते प्रौढांचे. बाळाचे होत नाही. शिवाय त्या एका टक्क्यात कोण असेल हे आधी कळत नाही, आणि कधी कधी तो आकडा एकावर थांबतही नाही. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा इथे सुया-सिरिंजा पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले, आणि मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या एक टक्क्याच्या कितीतरी पट होते. आपल्याकडे बाळाला पहिली लस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत देतात आणि पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. घरात बाळंतपण असेल तर बारशाच्या तयारीआधी ही पहिली सुई झाली का, एवढे विचारा.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा. 'सर, तपासण्या आणि डॉक्टर चालू ठेवले आणि आजीच्या समाधानासाठी माळही घातली, तर?' प्रश्न चांगला आहे, आणि प्रामाणिक आहे. आजीचे प्रेम खोटे नसते, हो. डागणे नको, अनोळखी पूड किंवा काढा पोटात नको. कित्येक काढ्यांनी यकृताला इजा होते. नुसती माळ असेल, तर ती राहू दे गळ्यात. पण ज्या दिवशी कोणी म्हणेल, 'माळ आहे तोवर रक्त तपासू नका,' त्या दिवशी माळ काढून आजीच्या हातात द्या आणि तपासणीला जा. आणि बरे झालात, की आजीला नारळ जरूर द्या. फक्त नातवंडांना गोष्ट सांगताना माळेबरोबर त्या तपासणीचीही गोष्ट सांगा.

पुढच्या वेळी आपण 'अनुमान' घेऊ.